खिशाजवळची भाषा
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गौरी-गणपतीनंतर कणकवलीहून एका वाचकाचे पत्र आले आणि त्याने खिसेकापूंच्या बोलण्याचा विषय काढला. योगायोगाने देवगड, रत्नागिरी, मालवण, गुहागर, चिपळूण आणि कुडाळ येथूनही याच विषयाला स्पर्श करणारे प्रश्न हाती होते. ते सगळे एकत्र वाचल्यावर त्यांची उत्तरे एकमेकांशिवाय नीट देता येणार नाहीत असे वाटले, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर चोरांच्या आणि चोरांच्या म्हटल्या गेलेल्या सांकेतिक भाषेसाठी ठेवले आहे.

प्रश्न : गणपतीसाठी मुंबईहून येताना गाडीच्या सर्वसाधारण डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चिपळूण सोडल्यावर माझ्या मागे उभे असलेले दोघे आपसांत ‘मशीन’ आणि ‘ठेक’ असे काही बोलत होते. ते एखाद्या कारखान्यातले कामगार असावेत असे मला वाटले. कणकवलीला उतरलो तेव्हा मागच्या खिशातले पाकीट नव्हते. खिसेकापूंची खरोखरच स्वतंत्र गुप्त भाषा असते का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : आपले पाकीट गेले याचे वाईट वाटते. ते दोघेच चोर होते असे केवळ दोन शब्दांवरून ठरवता येणार नाही, परंतु ते शब्द मात्र या धंद्यातले आहेत. शहरांतील खिसेकापूंच्या टोळ्यांत ज्याची बोटे प्रत्यक्ष खिशात जातात त्याला ‘मशीन’ म्हणतात आणि जो गिऱ्हाइकाला धक्का देतो, वाट अडवतो किंवा त्याचे लक्ष दुसरीकडे वळवतो त्याला ‘ठेकबाज’ म्हणतात. ते कामगार असावेत हा आपला पहिला अंदाज मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चोरांच्या भाषेचे मर्म त्यात आहे. ही भाषा मुख्यतः कामाची भाषा असते, तिची गुप्तता दुय्यम असते.

हे विधान पटावे म्हणून थोडे दूरचे उदाहरण देतो. लंडनमध्ये रॉबर्ट ग्रीन या लेखकाने १५९१ साली तिथल्या भामट्यांच्या युक्त्या उघड करणाऱ्या पुस्तिका छापल्या. त्यांत चोरांच्या शब्दांची यादीच आहे. सुरीने थैली कापणारा तो ‘निप’, नुसत्या बोटांनी काढणारा तो ‘फॉइस्ट’, थैली म्हणजे ‘बंग’, वाटेकरी म्हणजे ‘स्नॅप’ आणि गिऱ्हाइकाच्या समोर उभा राहून त्याला अडवून धरणारा तो ‘स्टेल’ किंवा ‘स्टॉल’. त्यानंतर ३६४ वर्षांनी, १९५५ साली, अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या डेव्हिड मॉरर या भाषाभ्यासकाने तिथल्या व्यावसायिक खिसेकापूंच्या बोलीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या टोळीत प्रत्यक्ष पाकीट काढणाऱ्याला ‘वायर’ किंवा ‘टूल’ म्हणजे हत्यार म्हणत, आणि अडवणाऱ्याला ‘स्टॉल’च म्हणत. समुद्र ओलांडून, साडेतीन शतके पार करून हा शब्द तसाच राहिला. मुंबईचा ‘मशीन’ आणि अमेरिकेतला ‘टूल’ या दोन शब्दांमागची कल्पनाही एकच आहे, आणि ती कोणी कोणाकडून उचललेली असण्याची गरज नाही, कारण दोन्ही ठिकाणी काम एकाच प्रकारे वाटलेले आहे.

गुप्तता हाच मुख्य हेतू असता तर १५९१ साली छापून आलेला शब्द चोरांनी लगेच टाकून दिला असता. माझ्या मते तो टिकला याचे कारण कामातच आहे. खिशाला हात घालण्याचे काम काही सेकंदांचे असते, तीन-चार माणसांच्या हालचाली त्यात एकमेकींना जुळाव्या लागतात, आणि प्रत्येकाने आपली जागा निःसंदिग्धपणे जाणलेली असावी लागते. पडाव किनाऱ्याला लावताना तांडेल जसे मोजके, ठरलेले शब्द वापरतो आणि ते दर हंगामाला बदलत नाही, तसेच हे आहे. प्रत्यक्ष काम चालू असताना तर शब्द जवळजवळ नसतातच. खांद्याचा स्पर्श, मान वळवणे, हातातले वर्तमानपत्र एका हातातून दुसऱ्या हातात घेणे एवढ्यावर सगळे चालते. शब्द लागतात ते काम शिकवताना, वाटणी करताना आणि नंतर आपसांत बोलताना.

शिकवण्याचा उल्लेख केला म्हणून एक नोंद सांगितल्यावाचून राहवत नाही. लंडन शहराचे न्यायाधिकारी विल्यम फ्लीटवूड यांनी १५८५ साली राणीच्या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात बिलिंग्जगेट या मासळीबाजाराजवळ चालणाऱ्या चोरांच्या शाळेची हकीकत आहे. ती चालवणारा माणूस मूळचा प्रतिष्ठित व्यापारी होता. तेथे एक खिसा आणि एक थैली टांगलेली असे. खिशात नाण्यांसारख्या हिशेबाच्या चकत्या असत आणि त्याभोवती ससाण्याच्या पायात बांधतात तसल्या बारीक घंटा लावलेल्या असत. घंटा न वाजवता ज्याने चकती काढली त्याला एक पदवी मिळे, आणि थैलीतून चांदीचा तुकडा आवाज न होता काढणाऱ्याला त्याहून वेगळी. पदव्यांची ती नावेही चोरांच्याच भाषेतली, ‘फॉइस्ट’ आणि ‘निप’ या शब्दांवरून केलेली होती. म्हणजे या भाषेला आणखी एक काम होते. कोण किती शिकला आहे आणि कोण आपल्यातला आहे हे तिच्यावरून कळत असे.

मध्य हिंदुस्थानातील ठगांच्या म्हणून नोंदवलेल्या ‘रामसी’ या बोलीतही हेच दिसते. कर्नल स्लीमन यांनी १८३६ साली कलकत्त्यात छापलेल्या शब्दसंग्रहात प्रवाशाला गोड बोलून जाळ्यात ओढणारा तो ‘सोठा’, रुमालाने गळा आवळणारा तो ‘भुर्तोट’, खड्डा खणणारा तो ‘लुघा’ आणि ठग नसलेला कोणीही परका माणूस तो ‘बीटू’. त्यातील ‘झिरनी’ म्हणजे हल्ल्याचा इशारा, आणि तो इशारा बहुधा तंबाखू खाण्यासंबंधीच्या एखाद्या साध्या वाक्याने दिला जाई. शब्द कामाचे, आणि इशारा मात्र कोणालाही शंका येणार नाही असा रोजच्या बोलण्यातला.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मुंबईच्या बातम्यांत ‘पेटी’, ‘खोका’, ‘सुपारी’ असे शब्द वेगळ्याच अर्थाने येतात. हे सगळे आमच्या कोकणातलेच शब्द गुन्हेगारांना का सापडले?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : हे तिन्ही शब्द कोकणच्या मालाशी जोडलेले आहेत हे खरे, परंतु ते तेथून उचलले गेले याचा पुरावा नाही. हे शब्द कोणाच्याही कानावर पडले तरी कान टवकारले जाऊ नयेत, म्हणूनच ते निवडले गेले. फोनवर कोणी ‘दोन पेट्या पोचल्या’ असे म्हणाला तर देवगडच्या माणसाला एप्रिल महिना आठवेल. मुंबईच्या टोळ्यांत मात्र पेटी म्हणजे १ लाख रुपये आणि खोका म्हणजे १ कोटी. ‘घोडा’ म्हणजे पिस्तूल, आणि तेथे मराठीने आधीच वाट करून ठेवलेली होती, कारण बंदुकीच्या चापाच्या भागाला आपण पूर्वीपासूनच घोडा म्हणतो.

‘सुपारी’चा प्रवास अधिक खोल आहे. तमाशाच्या फडाला किंवा वाजंत्र्यांना सुपारी देऊन काम पक्के करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे आणि लग्न ठरले की सुपारी फुटते. ज्याने सुपारी घेतली त्याने शब्द दिला, आता त्याला मागे फिरता येत नाही, असा तिचा अर्थ. खुनाचे काम पैसे घेऊन पत्करण्याला हाच शब्द लावला गेला तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ फारसा बदललाच नाही, बदलले ते फक्त काम. एका मंगल वस्तूच्या नावाची ही गत व्हावी याचे मला मनापासून दुःख होते, कारण आज शहरातल्या मुलांना ‘सुपारी घेतली’ या शब्दांचा जुना अर्थ समजावून सांगावा लागतो.

पैशांचे शब्द कामाच्या शब्दांसारखे टिकत नाहीत, कारण ते लवकर बाहेर पडतात. वर्तमानपत्रे आणि चित्रपट यांनी ते घरोघरी नेले आणि २०२२ साली तर ‘खोके’ हा शब्द विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणेत घुमला. इतका उघड झालेला शब्द लपवण्याच्या कामाचा राहत नाही.

प्रश्न : आमच्या आजोबांचे कापडाचे दुकान होते. गिऱ्हाईक समोर असताना ते आणि दलाल ‘केवली’, ‘आवारू’, ‘उधानू’ असे बोलत. आजी त्याला रागाने ‘चोरांची भाषा’ म्हणत असे. ती खरोखर चोरांची होती का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या आजोबांची भाषा दलालांची होती आणि तिची नोंद मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात झालेली आहे, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात आणि मंगी आठ. रुपयाला ‘भुरका’, आण्याला ‘फाटा’ आणि पैशाला ‘ढोकला’ म्हणत. ‘मंगी फाटे’ म्हटले की आठ आणे. आपल्या घरात हे शब्द अजून कोणाच्या तोंडी असतील तर ते कृपया लिहून ठेवावेत, आणि आजोबा ते कोणत्या प्रसंगी वापरत हेही लिहावे, कारण कोशात शब्द सापडतो पण प्रसंग सापडत नाही.

आजींच्या रागालाही आधार होता. दलाल आणि दुकानदार यांच्यामध्ये गिऱ्हाईक उभे असते, त्याच्या ऐकण्यात बोलावे लागते, आणि दलालीची रक्कम किंवा खरा भाव मात्र त्याला कळू द्यायचा नसतो. गुप्त भाषा नेमकी अशाच ठिकाणी उगवते. ऐकणारा तिसरा माणूस जवळ असला पाहिजे आणि त्याला दूर करणे शक्य नसले पाहिजे. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहिलेल्यांना याची दुसरी बाजू लगेच कळेल. तेथे होड्या लागतात, टोपल्या वाळूत मांडल्या जातात आणि बोली मोठ्याने, सर्वांच्या देखत चढते. प्रत्येकाने ऐकावे यातच तेथे विकणाऱ्याचा फायदा आहे, त्यामुळे लपवण्याची भाषा त्या वाळूत रुजण्याचे कारण नाही.

याउलट मोठ्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी ‘हत्ता’ पद्धत होती, तिच्याबद्दल आंबा बागायतदारांनी वर्षानुवर्षे तक्रार केली आहे. माल बागायतदाराचा, भाव मात्र दोन परक्या हातांनी कापडाआड ठरवायचा, आणि बागायतदाराने तो नंतर पट्टीवर वाचायचा. तेथे एक शब्दही उच्चारला जात नाही, तरीही ती पूर्ण भाषा आहे. बोटांची संख्या, ती कुठे धरली आणि किती वेळा दाबली यावरून आकडा ठरतो. या व्यवहारातले दोघेही कायद्याने प्रतिष्ठित असत. सांकेतिक भाषेवरून माणूस चोर ठरत नाही आणि सांकेतिक भाषा नसली म्हणजे व्यवहार स्वच्छ असतो असेही नाही.

प्रश्न : सर, आम्ही मैत्रिणी ‘च’ची भाषा बोलतो. बाबा म्हणतात, ही चोरांनी काढलेली भाषा आहे. खरे आहे का?
— इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : ही भाषा चोरांनी काढली असे म्हणायला आधार नाही. मात्र तुझ्या बाबांना ज्या साम्यामुळे तसे वाटले ते साम्य खरे आहे. तुम्ही ‘पाणी’ला ‘चाणीप’ म्हणता, ‘खिसा’ला ‘चिसाख’ म्हणता, म्हणजे पहिले व्यंजन काढून शेवटी नेता आणि त्याच्या जागी ‘च’ बसवता. अक्षर चिकटवणे, बदलणे, उलटे करणे या रीती जगभर मुलांच्या खेळात आहेत आणि अनेक धंद्यांच्या बोलींतही आहेत.

आपल्याकडे हे प्रकार फार जुने आहेत. वात्स्यायनाने सांगितलेल्या ६४ कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे बोलणे गूढ करण्याची कला आहे. त्यावरील टीकेत ‘मूलदेवीय’ नावाची एक रीत सांगितली आहे. तिच्यात च आणि ट, त आणि प, न आणि म, र आणि ष, ल आणि स, य आणि श अशा जोड्यांतील अक्षरांची अदलाबदल करायची. ‘चोर’ असे म्हणायचे असेल तर ‘टोष’ म्हणायचे. ‘माल’ म्हणायचे असेल तर ‘नास’. आणि हा मूलदेव कोण, तर संस्कृत कथांतला धूर्तांचा आणि चोरांचा आचार्य. तेव्हा तुझ्या बाबांचे म्हणणे तुमच्या भाषेला लागू पडले नाही तरी तिच्या एका फार जुन्या बहिणीला थोडेसे लागू पडते.

बोलायचेच नसेल तर ‘करपल्लवी’ शिकून पाहा. ‘अहिफण कमळ चक्र टंकार, तरु पल्लव यौवन शृंगार’ ही ओळ पाठ करायची. नागाच्या फणीसारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्राला च-वर्ग, टंकाराला ट-वर्ग, आणि तसेच पुढे. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षरच तो वर्ग सांगते. मग बोटांनी वर्गातले कितवे अक्षर ते दाखवायचे आणि मात्रा चुटक्यांनी सांगायच्या. कमळ करून तीन बोटे म्हणजे ग, टंकार करून तीन बोटे म्हणजे ड, आणि झाला ‘गड’. सिंधुदुर्गाच्या तटावर एक जण आणि किनाऱ्यावर दुसरा असे उभे राहून मात्र ते दिसणार नाही, त्यासाठी जवळच उभे राहावे लागेल.

प्रश्न : ‘खिसेकापू’ हा शब्द खिसा आल्यानंतरचा असणार. त्यापूर्वी आपल्याकडे या चोराला काय म्हणत? आणि प्राचीन चोरांची परिभाषा कोठे सापडते का?
— निवृत्त शिक्षिका, गुहागर

उत्तर : आपला तर्क बरोबर आहे. ‘खिसा’ फारसीतील ‘कीसा’वरून आला. त्याआधी पैसे वस्त्राच्या गाठीत, कनवटीला असत, म्हणून संस्कृतात या चोराला ‘ग्रंथिभेदक’, म्हणजे गाठ सोडणारा किंवा कापणारा, असे नाव आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत ‘उत्क्षेपक’ आणि ‘ग्रंथिभेद’ ही जोडी एकत्र येते. उत्क्षेपक म्हणजे शब्दशः उचल्या. मनुस्मृतीत गाठ कापणाऱ्याची पहिल्या गुन्ह्याला बोटे तोडावीत असे सांगितले आहे. कनवटीची जागा खिशाने घेतली तसा शब्द बदलला आणि इंग्रजीतही कमरेला लटकणारी थैली जाऊन शिवलेला खिसा आला तेव्हा असाच बदल झाला.

परिभाषेसाठी शूद्रकाच्या मृच्छकटिकातील तिसरा अंक पाहावा. चारुदत्ताच्या घराची भिंत फोडणारा शर्विलक विटांच्या भिंतीला पाडायच्या भगदाडाचे सात आकार सांगतो: उमललेले कमळ, सूर्य, बालचंद्र, विहीर, विस्तीर्ण, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ. मोजमापासाठी दोरी आणायला विसरलेला तो ब्राह्मण चोर मग आपल्या जानव्यानेच माप घेतो. या सातांपैकी एकही शब्द गूढ नाही. ते कारागिराचे शब्द आहेत, गवंडी किंवा सुतार आपल्या कामाचे प्रकार जसे सांगेल तसे. आणि उद्या सकाळी शेजारी हे काम पाहतील तेव्हा त्यांनी काय म्हणावे याची शर्विलकाला जी काळजी आहे, तीही कारागिराचीच आहे.

प्रश्न : आपण गेल्या वर्षी या सदरात लबाड माणसासाठी ‘भामटा’ हा शब्द वापरला होता. आमच्या समाजाचे ते नाव आहे. माझी आजी घरात जी बोली बोलत असे तिला बाहेरचे लोक चोरभाषा म्हणत, म्हणून माझ्या वडिलांनी ती आम्हाला शिकवली नाही. याबद्दल आपण काही लिहाल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रथम आपली क्षमा मागतो. तो शब्द मी विचार न करता वापरला होता. या सदराच्या पहिल्याच उत्तरात तो मी पुन्हा लिहिला तो अशासाठी, की वाचकांनी तो सहज वाचून पुढे जावे आणि येथे पोचल्यावर थांबावे. यापुढे तो माझ्या लेखनात त्या अर्थाने येणार नाही.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जमाती आहेत आणि भामटा हे त्यांतील एका समाजाचे नाव आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. त्या कायद्याने माणसाने गुन्हा केला की नाही हे न पाहता त्याचा जन्म पाहिला. जमातीची नोंद झाली की हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, परंतु आपल्या वडिलांच्या निर्णयावरून दिसते की भाषेवरचा डाग कायद्याबरोबर पुसला गेला नाही.

या डागात शब्दसंग्रहांचा हात होता हे भाषेवर लिहिणाऱ्याने तरी लपवू नये. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनी १९०८ साली ‘गुन्हेगार वर्गां’वर ग्रंथ छापला. त्यात एकेका जमातीची राहणी, पेहराव, गुन्ह्याची रीत आणि बोलण्यातले शब्द पोलिसांच्या उपयोगासाठी दिलेले आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९२२ सालच्या अकराव्या खंडात भामटी, सांसी, बेलदारी, ओडकी, गारोडी अशा अनेक बोली एकाच मथळ्याखाली आल्या, आणि तो मथळा युरोपातील भटक्यांच्या नावाचा होता. त्यांतील काहींत मुद्दाम अक्षरे बदलून केलेले शब्द आहेत हे खरे. पण पुष्कळशा बोली या राजस्थानी-गुजराती वळणाच्या साध्या घरगुती बोली आहेत, ज्यांत आई मुलाला जेवायला हाक मारते. कैकाडी समाजाची बोली तर तमिळशी नाते असलेली द्राविडी बोली आहे. मराठी मुलखात ती कोणाला समजत नसे, आणि जे समजत नाही ते लपवण्यासाठीच बोलले जाते असा ग्रह करून घेणे ऐकणाऱ्याला सोयीचे असते.

वर मी स्लीमन यांच्या संग्रहातले शब्द दिले, त्यांच्याबाबतही एवढे सांगितले पाहिजे की ते शब्द माफीचे साक्षीदार झालेल्या कैद्यांकडून मिळवलेले होते. ज्याचा जीव उत्तरावर अवलंबून आहे अशा माणसाने सांगितलेला शब्द आणि मोकळ्या माणसाच्या तोंडचा शब्द यांचे वजन सारखे धरता येत नाही. ठगांचा पंथ जसा वर्णिला गेला तसा तो होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत ते यामुळेच. मुंबईच्या ‘मशीन’ आणि ‘ठेक’ या शब्दांना मात्र जात नाही. ते त्या टोळीत शिरलेल्या कोणाचेही असतात आणि टोळी सोडली की सुटतात. घरची बोली आणि धंद्याची बोली यांतला हा फरक ज्यांनी ओळखला नाही, त्यांनी आपल्या आजींची भाषा पुढच्या पिढीच्या तोंडून काढून घेतली.

आजींचे काही शब्द, गाणी, नात्यांची नावे आपल्याला आठवत असतील तर ती लिहून काढावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपली इच्छा असेल तर या सदरात त्यांना जागा आहे, आणि मथळा आपण सांगाल तो असेल.

प्रश्न : आंगणेवाडीच्या जत्रेला दरवर्षी जातो. शब्द ओळखून चोर ओळखता येईल का? आणि काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : शब्दांच्या भरवशावर राहू नये. गर्दीत ‘मशीन’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरोखरच एखाद्या यंत्राबद्दल बोलत असतो. कामाची वाटणी लक्षात ठेवणे अधिक उपयोगाचे आहे: समोरचा माणूस रांगेत किंवा गाडीच्या दारात अकारण थांबला, कोणी अंगावर आला, कोणाची नाणी पायाशी सांडली, की तेवढ्या क्षणी हात आपल्या पैशांपाशी असावा. पाकीट मागच्या खिशात ठेवू नये, आणि ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी पाटी दिसली की लगेच खिसा चाचपून पाहू नये, कारण पाकीट कोठे आहे हे आपण त्याच वेळी पाहणाऱ्याला दाखवून देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांत खिसेकापूगिरीचा नावाने उल्लेख आहे आणि तिला १ ते ७ वर्षांची कैद सांगितली आहे. गाडीत चोरी झाली तर १३९ या क्रमांकावर कळवता येते, आणि गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे ठाऊक नसले तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शून्य’ क्रमांकाने तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. कणकवलीच्या वाचकांनीही, अजून नोंदवली नसेल तर, ती नोंदवावी.